आव्वांच्या डोक्यावरचा देव

जपानहून आल्यावर उमरग्यात ज्यानं त्यानं मला एकच विचारलं, तिथं खायला काय मिळालं. आम्ही लिंगायत, अंड्यालाही न शिवणारे, त्यामुळं प्रश्न रास्त होता. पण अंघोळीबद्दल कुणीच विचारलं नाही, आणि सांगण्यासारखं जे काही घडलं ते सगळं अंघोळीतच घडलं.

गेलो होतो आम्ही दोघी, मी आणि माझ्या सासूबाई. घरात त्यांना सगळे आव्वा म्हणतात. त्यांचं माहेर कर्नाटकच्या हद्दीपलीकडचं, त्यामुळं रागावल्या की कानडी आणि लाडात आल्या की मराठी. माझा मुलगा तिकडं एका कंपनीत नोकरीला आहे. फोनवर आजीच्या गुडघ्यांची रडगाणी ऐकून ऐकून त्यानं ठरवलं की आजीला गरम पाण्याच्या झऱ्यात बसवायचंच. त्यासाठी त्यानं शोधून काढलेली जागा म्हणजे समुद्रातलं एक एवढंसं बेट. दिवसातून एकदा बोट येते आणि परत जाते. गावात चार गल्ल्या, एक शाळा आणि एकच हॉटेल. नवऱ्याला आमचं हायवेवरचं भांड्यांचं दुकान सोडवेना, लगीनसराई तोंडावर होती. तो म्हणाला, तुम्ही दोघी जा, मला नंतर सांगा. एवढ्या लांब जाऊन अंघोळ करून यायचं, हे त्याला शेवटपर्यंत पटलं नव्हतं.

मला मात्र कधी एकदा जाते असं झालं होतं. माझा स्वभाव चौकस आहे, नवरा त्याला भोचक म्हणतो. बोटीतून बेट दिसायला लागलं तेव्हा त्याच्या डोंगरातून धूर निघत होता, आणि जवळ गेलो तसा वास यायला लागला. मुलगा म्हणाला, इथले लोक म्हणतात, सडक्या अंड्यासारखा वास येतो. मी म्हटलं, बाबा, मला चांगल्या अंड्याचा वास माहीत नाही, सडक्याचा कुठून माहीत असणार? माझ्या नाकाला तो द्राक्षाच्या बागेत गंधक धुरळतात त्या दिवसाचा वास वाटला. आव्वांनी दोनदा श्वास ओढून घेतला आणि म्हणाल्या की दिवाळीच्या पहाटेचा वास आहे, वाईट न्हाय.

हॉटेल दुमजली, लाकडी. दारात चपला काढायच्या, आतल्या सपाता वेगळ्या आणि संडासातल्या त्याहून वेगळ्या. आव्वांना हे फार आवडलं. झोपायला जमिनीवर गाद्या, तेही आवडलं. जेवणाचं मुलानं आधीच बोलून ठेवलं होतं, कारण तिथं वरणासारख्या दिसणाऱ्या पाण्यातसुद्धा मासा उकळलेला असतो. आम्हाला भात, लोणची आणि सोयाबीनचं पनीर मिळायचं, आणि बाकी आमच्या पिशवीतल्या कडक भाकरी अन् शेंगाची चटणी होतीच. मालकीणबाईंनी कडक भाकरी हातात घेऊन वाजवून पाहिली, मग एक तुकडा मागून घेतला आणि बराच वेळ चघळत उभ्या राहिल्या. मला बाई बरी वाटली. न विचारता वाजवून बघणारी माणसं मला आवडतात.

आता अंघोळीचं. तिथं हौदासारख्या मोठ्या कुंडात सगळ्या बायका एकत्र उतरतात, आणि अंगावर सुताचा धागासुद्धा नसतो. हे मुलानं मला बोटीत बसल्यावर सांगितलं, आधी सांगितलं असतं तर मी आलेच नसते हे त्याला ठाऊक होतं. मला काळजी पडली ती माझी नव्हे, आव्वांची. पंचाहत्तरीच्या घरातली बाई, डोक्यावरचा पदर कधी ढळू न देणारी. त्यांना कसं सांगायचं या विचारानं मला बोट लागायची बाकी होती. शेवटी भीत भीत सांगितलं. आव्वा शांतपणे म्हणाल्या की बायकाबायकांत कसली लाज, बाळंतिणीला काय लुगड्यावर न्हाऊ घालतात काय.

अडलं ते वेगळ्याच जागी.

आव्वांच्या गळ्यात इष्टलिंग असतं. आमच्यात लहानपणीच गुरू दीक्षा देऊन ते गळ्यात बांधतात. आवळ्याएवढं, काळं, गुळगुळीत, आणि ते ठेवायला चांदीची डबी. नेम असा की मरेपर्यंत ते अंगापासून वेगळं करायचं नाही. रोज अंघोळ झाली की डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची आणि मगच अन्नपाणी. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. माझंही आहे, पण ते देवघरात असतं आणि पूजेपुरतं हातात येतं. आजकाल बऱ्याच घरांत तसंच चालतं. आव्वांकडं असलं काही चालत नाही. दवाखान्यात एक्स-रे काढतानासुद्धा त्यांनी डबी मुठीत धरली होती आणि डॉक्टर हरले होते. सगळं उमरगं नवरात्रात तुळजापूरला चालत जातं, आव्वा जात नाहीत, कुणी विचारलं तर गळ्याकडं बोट दाखवतात.

आणि एक गोष्ट आम्हा सगळ्यांना त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलेली होती. त्या लहान असताना त्यांच्या आईचं लिंग शेतातल्या विहिरीत पडलं. आई विहिरीच्या काठावर बसून राहिली. विहीर उपसून तळ लागेपर्यंत आणि गाळातून लिंग हाताला लागेपर्यंत तिनं पाण्याचा थेंब घेतला नाही, आणि त्यानंतर तिची तब्येत जी खालावली ती कायमची. गोष्ट संपली की आव्वा न चुकता म्हणायच्या, आईनं केलं ते बरोबरच केलं.

अंघोळीच्या जागेबाहेर कपडे बदलायची खोली होती आणि भिंतीवर चित्रांचा फलक होता. अंगठीवर फुली, साखळीवर फुली, पाण्यात बुडालेल्या टॉवेलावर फुली, पाण्यात सोडलेल्या केसांवर फुली. मालकीणबाईंनी आव्वांच्या गळ्यातली डबी पाहिली आणि आतून एक चांदीचा चमचा आणून दाखवला. काळा ठिक्कर. त्या पाण्यातल्या गंधकानं चांदीचं असं होतं. भांड्यांच्या दुकानात जन्म गेला माझा, पण इतकी काळी पडलेली चांदी मी पाहिली नव्हती, आणि मी तो चमचा नखानं खरवडून बघत बसले. बाईंनी खुणेनं सांगितलं, काढून टोपलीत ठेवा. आव्वांनी मान हलवली. "बेडा," म्हणाल्या. म्हणजे नको. गुडघे दुखले तर दुखू देत.

तर पहिल्या दिवशी जपानपर्यंत आलेल्या आव्वा कपडे बदलायच्या खोलीत स्टुलावर बसून राहिल्या आणि मी एकटी आत गेले. मला वाईट वाटत होतं, पण खोटं कशाला बोलू, आत काय आहे हे बघायची घाईही झाली होती.

आधी बुटक्या स्टुलावर बसून साबणानं स्वच्छ व्हायचं आणि मग कुंडात उतरायचं. म्हणजे अंघोळ करून अंघोळीला जायचं. कुंड उघड्यावर, काळ्या दगडांनी बांधलेलं, पलीकडं समुद्र. पाणी ताकासारखं पांढरं आणि इतकं गरम की पहिलं पाऊल टाकताना मी 'शिव शिव' म्हणाले. बांबूच्या उंच भिंतीपलीकडं पुरुषांचं कुंड, मुलगा तिथं होता. आत चारपाच बायका, कुणीही माझ्याकडं पाहिलं नाही. मी मात्र सगळ्यांकडं पाहिलं. पोटावरचे ऑपरेशनचे व्रण, लोंबलेले दंड, वाकलेल्या पाठी, सगळं आपल्यासारखंच. ह्यापायी मी बोटीत झुरत होते, ह्याचं हसू आलं.

त्यात एक म्हातारी होती, आव्वांच्याच वयाची, बेटावरचीच. माझ्या हातातल्या छोट्या टॉवेलाचं टोक पाण्याला लागलं तशी ती सरळ माझ्याकडं आली, टॉवेल काढून घेतला, बाहेर पिळला, चौकोनी घडी घातली आणि माझ्या डोक्यावर ठेवून दिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळ्यांच्याच डोक्यावर अशा घड्या आहेत. टॉवेल पाण्यात जाऊ द्यायचा नाही, म्हणून तो डोक्यावर. जरा वेळानं माझ्या मानेवरची एक बट सुटली, तर तीही तिनंच वर खोचली. मला रागच आला. प्रत्येक गावात अशी एक बाई असते, जिला नेमून दिलेलं नसतं तरी गावाच्या शिस्तीचं खातं तिच्याकडंच असतं. लोहाऱ्यात माझी एक मावशी आहे, अगदी तीच.

बाहेर आल्यावर आव्वांनी मला पिळून काढलं. पाणी किती खोल, बसायला दगड आहे का, बायका बोलतात का, आणि ते डोक्यावर काय ठेवतात. डोक्यावरच्या घडीचं त्यांनी दोनदा विचारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले तशा त्याही उठल्या. त्या दिवसानंतर मुक्काम नव्हता, पुढच्या सकाळी बोट होती. खोलीत त्यांनी डबीतून लिंग काढलं, त्याच्या नेहमीच्या फडक्यात गुंडाळून मुठीत धरलं, रिकामी डबी माझ्याकडं दिली आणि हॉटेलच्या टॉवेलाची घडी घालायला सांगितली. घडीच्या पोटात त्यांनी लिंग ठेवलं आणि ती घडी डोक्यावर. मी बघतच राहिले.

"अंगापासून वेगळं करायचं न्हाय एवढंच हाय की," आव्वा म्हणाल्या. "डोस्कं काय अंग न्हाय व्हय? आन गळ्यापरीस वरचीच जागा हाय."

ह्याला तोड नव्हती. अख्खी रात्र त्या ह्यावर विचार करत पडल्या असणार.

एका हातानं घडी धरून त्यांनी दुसऱ्या हातानं अंग धुतलं आणि माझा आधार घेऊन त्या कुंडात उतरल्या. गळ्यापर्यंत पाणी आलं तसे त्यांचे डोळे मिटले. काही वेळानं गुडघा पाण्यातल्या पाण्यात वाकवून बघितला, सरळ केला, पुन्हा वाकवला, आणि लहान मुलीसारखं माझ्याकडं बघून हसल्या. तीस वर्षांच्या संसारात त्यांना इतकं आरामात बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.  डोक्यावर देव आणि खाली ऊन ऊन पाणी. आणि आजूबाजूच्या एकीलाही काही वेगळं दिसत नव्हतं, कारण घडी सगळ्यांच्याच डोक्यावर होती.

तेवढ्यात ती शिस्तीची म्हातारी आली. कुंडात उतरली, नवी बाई दिसली म्हणून आव्वांकडं वळून तिनं कमरेतून वाकून नमस्कार केला.

आव्वा काय करणार? आमच्यात कुणी एका हातानं नमस्कार करत नाही. त्यांनी घडीवरचा हात काढला, दोन्ही हात जोडले, "शरणु" म्हणाल्या आणि डोकं लववलं.

घडी घसरली. टॉवेल पाण्यावर तरंगला, त्याच्यामागून फडकंही तरंगत वर आलं. फडकं रिकामं होतं.

आव्वा ओरडल्या नाहीत. "गेलं," एवढंच म्हणाल्या आणि दोन्ही हात पाण्याखाली घालून चाचपायला लागल्या. पाणी पांढरं, वीतभर खालचं दिसत नव्हतं. त्यांचं तोंड उतरलं होतं आणि ओठ हलत होते. माझ्या डोळ्यांसमोर ती विहीर आली, काठावर बसलेली त्यांची आई आली. आव्वांना रक्तदाबाची गोळी, ती घ्यायची तर पाणी लागतं. लिंग मिळेपर्यंत त्या पाणी घेणार नाहीत हे मला जेवढं पक्कं ठाऊक होतं, तेवढं दुसरं काहीच नव्हतं. आणि उद्याची बोट. मी घाबरले, अगदी साफ घाबरले.

टॉवेल पाण्यात पडलेला बघून ती म्हातारी पुढं आली, पण आव्वांचा चेहरा बघून थबकली. दुसरी एक बाई पायानं तळ चाचपायला लागली. पाय. लिंगाला पाय लागला तर आव्वा काय करतील याचा विचारही मला करवेना. त्यांच्या भाषेतला एक शब्द मला येत नव्हता. मी बांबूच्या भिंतीकडं तोंड केलं आणि मुलाला हाक मारली. म्हटलं, आव्वांचं लिंग पाण्यात पडलंय, ह्या बायकांना सांग, पाय लावू नका म्हणावं.

पलीकडं पाणी खळबळलं, तो उभा राहिला असणार. मग मुलाचा मोठा आवाज आला, जपानीत, दोन वाक्यं. इकडच्या सगळ्या बायका होत्या तिथं थांबल्या. पायानं चाचपणाऱ्या बाईनं पाय हळूच उचलून घेतला आणि ती काठावरच्या दगडावर जाऊन बसली, पाणी हलू नये म्हणून. त्यानं काय सांगितलं ते मला नंतर कळलं. लिंगाला शब्द सुचेना, म्हणून तो म्हणाला होता, "माझ्या आजीचा देव पाण्यात पडलाय. कृपा करून हातानं शोधा."

आणि त्या शोधायला लागल्या. वाकून, हात खांद्यापर्यंत बुडवून, सावकाश. अडचण ही होती की बेटच काळ्या दगडांचं, कुंडाच्या तळाला त्याच दगडाचे गोटे. पहिला गोटा सापडला तसा त्या बाईनं तो ओंजळीत धरून आव्वांसमोर आणला. आव्वांनी मान हलवली. दुसरी आली, तिच्याही ओंजळीत गोटा. तिसरी आली. देव कसा दिसतो ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळं त्या प्रत्येक गोटा देवासारखाच आणत होत्या. नाही म्हटल्यावर एकीनंही तो परत पाण्यात टाकला नाही, काठावर अलगद ठेवला. मीही शोधत होते. आव्वांचं लिंग माझ्या हाताला लागलं तर चालेल का, हा प्रश्न मनात येऊन गेला आणि त्याची मला लाज वाटली.

मग त्या म्हातारीनं आपल्या डोक्यावरची घडी काढून काठावर ठेवली. केसांचा आकडा काढून त्या घडीवर ठेवला. पांढरे केस खांद्यावर आले. तिनं श्वास घेतला आणि ती डोक्यासकट पाण्याखाली गेली.

काठावरच्या बाईच्या तोंडून हलकासा आवाज निघाला. काल माझी एक बट सहन न झालेली बाई होती ती. ती वर आली, तोंडावरचं पाणी निपटलं, पुन्हा गेली. ते पाणी किती गरम होतं हे मला ठाऊक होतं, त्यात डोळे उघडायचे म्हणजे काय होत असेल. पुन्हा वर आली, डोळे लालभडक, श्वास लागलेला. मी तिला थांबवायला हात पुढं केला, तो तिनं बाजूला सारला आणि ती आव्वा बसल्या होत्या त्या दगडाच्या बुडाशी गेली. ह्या वेळी ती लवकर वर येईना. आली तेव्हा तिच्या दोन्ही हातांची ओंजळ छातीशी होती.

तिनं ओंजळ उघडून पाहिलं. बाकीच्या बायकांसारखी ती विचारायला आली नाही. तिला कळलं होतं. तळाचे सगळे गोटे खरबरीत होते आणि हा रोजच्या पूजेनं गुळगुळीत झालेला. ओल्या केसांनी तिनं ओंजळीवर डोकं टेकवलं आणि हात पुढं केले. आव्वांनी डावा तळहात पसरला. लिंग हातात आल्यावर त्यांनी ते दोन्ही डोळ्यांना लावलं आणि तेव्हा कुठं त्या रडल्या.

बोटीत, विमानात, हैदराबादहून उमरग्यापर्यंतच्या गाडीत, आव्वा त्याबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. पूजा करायच्या, जेवायच्या, गप्प बसायच्या. मी मनातल्या मनात हिशेब मांडत होते. लिंग अंगापासून वेगळं झालं, पाण्याच्या तळाला पडलं, आणि सगळ्यात मोठं म्हणजे दीक्षा नसलेल्या परक्या बाईच्या हाताला लागलं. नेमाप्रमाणं गुरूला सांगायला हवं. सांगितलं तर ते काय म्हणतील? नव्यानं दुसरं लिंग बांधा म्हणाले तर आव्वा ते सोसतील का? मुठीत धरून जन्मभर जपलेला तो देव त्यांच्याकडून काढून घेतला जाईल, ह्या भीतीनंच त्या गप्प होत्या, हे मला दिसत होतं.

घरी आल्यावर त्यांनी स्वतःच मठात निरोप पाठवला. स्वामी आले. वयानं आव्वांहून लहान, पण गुरू म्हणून आव्वांनी त्यांचे पाय धुतले आणि समोर चटईवर बसून सगळं सांगितलं. टॉवेलाची घडी सांगितली, नमस्कार सांगितला. काही वगळलं नाही. नवरा दाराशी उभा राहून ऐकत होता. स्वामींनी सगळं ऐकून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, लिंग कुणाच्या हाताला लागलं.

"एका बाईच्या," आव्वा म्हणाल्या. "आपल्यातली न्हवं. नाव बी ठाव न्हाय."

स्वामी म्हणाले, मग शुद्धी करावी लागेल.

आव्वांनी मान हलवली. "करा. पण लिंगाची नगं, माझी करा. म्या जन्मभर त्याला नुस्तं बांधून हिंडले. ते बुडालं तवा म्या बसल्या जागी हात हालवीत व्हते, आन ती माझ्या देवासाठी पाण्याखाली गेली. दोघींत दीक्षा कुणाला झालीय, ते तुमीच सांगा."

 स्वामींनी आव्वांच्या गळ्यातल्या डबीला हात लावला नाही. त्यांनी विभूती घेतली आणि आव्वांच्या कपाळाला लावली.